रंग एकदा ठरवावा, एकाच ठिकाणी जपावा

(संस्थांच्या संकेतस्थळांवरील ओळखीच्या रंगांची निवड व योजना या विषयावर बेला, जिल्हा आदिलाबाद, येथे ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बेला हे सीमेवरचे गाव आहे. उत्तरेस पैनगंगा आणि तिच्या पलीकडे महाराष्ट्र. पूर्वेस जाणारा रस्ता चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपन्याकडे जातो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा राजुरा आणि किनवट हे मराठीभाषक भाग आदिलाबाद जिल्ह्यातून निघून त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला आणि २ जून २०१४ पासून तो तेलंगण राज्यात आहे. सीमा सरकल्या, तरी सोयरिकी, बाजार आणि भाषा यांचे जाणे-येणे थांबले नाही. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, उर्दू अशा अनेक भाषा या परिसराच्या कानी रोज पडतात. अशा गावात शब्दांप्रमाणेच रंगांचेही भाषांतर करावे लागते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

रेशन कार्डाचेच उदाहरण घ्यावे. महाराष्ट्र शासनाने १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका सुरू केल्या. पिवळी पत्रिका सर्वांत कमी उत्पन्नाच्या कुटुंबासाठी, केशरी वार्षिक एक लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नासाठी आणि पांढरी त्याहून अधिक उत्पन्न असलेल्यांसाठी. संयुक्त आंध्र प्रदेशात मात्र पांढरे कार्ड गरीब कुटुंबाचे असे आणि गुलाबी कार्ड त्याहून बऱ्या स्थितीतील कुटुंबाचे. म्हणजे पैनगंगेच्या एका तीरावर जो पांढरा रंग सुस्थितीची खूण होता, तोच दुसऱ्या तीरावर गरिबीची खूण होता. लेक पलीकडे दिलेली असली तर एकाच घरात या दोन्ही समजुती नांदत. आता धान्याचा हक्क केवळ कार्डाच्या रंगावर ठरत नाही; तथापि या उदाहरणातून मिळणारा धडा जुना होणारा नाही. रंगाला अंगचा असा अर्थ नसतो. तो माणसांनी ठरवावा लागतो, जाहीर करावा लागतो आणि मग निष्ठेने पाळावा लागतो.

आज ग्रामपंचायती, शाळा, महिला बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आपापली संकेतस्थळे तयार करू लागल्या आहेत. पूर्वी हे काम केवळ शहरातील तंत्रज्ञांचे होते. आता तयार साधने उपलब्ध आहेत आणि गावातील एखादा शिक्षक किंवा पदवीधर तरुण चार दिवसांत संकेतस्थळ उभे करू शकतो. या कामात सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईने उरकली जाणारी बाब म्हणजे रंग. वास्तविक तिचा विचार सर्वांत आधी व्हावयास हवा.

ओळखीचा रंग म्हणजे काय

महाराष्ट्र राज्य परिवहन महामंडळाची साधी बस लाल रंगाची असते. लोक तिला प्रेमाने ‘लाल परी’ म्हणतात. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली तेव्हा तिचा रंग निळा आणि चंदेरी होता; लाल रंग मागाहून आला. पण एकदा आल्यावर तो वर्षानुवर्षे टिकला, आणि म्हणून तो ओळखीचा झाला. पाटी वाचता न येणारी वृद्ध बाईसुद्धा फाट्यावर उभी राहून दुरून येणारी गाडी ओळखते. या ओळखीच्या मुळाशी रंगाच्या सौंदर्यापेक्षा त्याचे सातत्य अधिक आहे. हाच रंग दर महिन्याला बदलला असता, किंवा एका आगारात शेंदरी आणि दुसऱ्या आगारात किरमिजी असता, तर त्याची ओळख झालीच नसती.

संस्थेचे ओळखीचे रंग ते हेच. दोन-तीन नेमके रंग निवडावयाचे आणि संकेतस्थळ, पावती, पिशवी, फलक या सर्व ठिकाणी तेच वापरावयाचे. पाहणाऱ्याला नाव वाचण्यापूर्वीच ‘हे आपल्या गटाचे’ असे कळले पाहिजे.

‘भगवा’ एवढे म्हणून भागत नाही

‘लाल’, ‘भगवा’, ‘हिरवा’ हे शब्द बोलण्याला पुरेसे आहेत, कामाला पुरेसे नाहीत. दहा रंगाऱ्यांना भगवा रंग द्यावयास सांगितले तर दहा प्रकारचे भगवे रंग पाहावयास मिळतील. राष्ट्रध्वजाच्या बाबतीत हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर लगेचच उपस्थित झाला. भारतीय मानक संस्थेने १९५१ साली राष्ट्रध्वजाचे मानक प्रसिद्ध केले, आय.एस. १ असा त्याचा क्रमांक आहे. १९६४ आणि १९६८ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. कापडाचा पोत, ध्वजाची मापे, शिवण यांबरोबरच केशरी, पांढरा, हिरवा आणि चक्राचा निळा हे रंग त्यात अंकांनी निश्चित केलेले आहेत. आदिलाबादच्या शेजारी नांदेड येथे मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. ध्वजाचे कापड रंगविणाऱ्याने आपल्या आवडीप्रमाणे केशरी रंग थोडा उजळ किंवा थोडा गडद केला तर ते चालत नाही. देशात कोठेही फडकणाऱ्या ध्वजाचा केशरी रंग तोच असला पाहिजे. म्हणून तो डोळ्यांच्या अंदाजावर न सोडता अंकांत बांधला गेला.

संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर रंग अंकांत बांधणे त्याहून सोपे आहे. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांच्या मिश्रणाने उजळतो. प्रत्येक प्रकाशाची मात्रा ० ते २५५ या अंकांनी मोजतात. तिन्ही शून्य असतील तर काळा, तिन्ही २५५ असतील तर पांढरा. अशा रीतीने १,६७,७७,२१६ रंग तयार होऊ शकतात. प्रत्येक रंगाला तीन अंकांचा पत्ता आहे, असे समजावे. हाच पत्ता सहा चिन्हांच्या संकेतानेही लिहितात. त्यात ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे वापरली जातात. साधनात ती रोमन लिपीत टाइप करावी लागतात. उदाहरणार्थ, २५५, १५३, ५१ या मात्रांनी होणारा नारिंगी रंग ‘एफएफ९९३३’ असा लिहितात. हा संकेत कागदावर टिपून ठेवला की बेल्यातील शिक्षक आणि हैदराबाद, नागपूर किंवा परदेशातील त्याचा विद्यार्थी हे दोघेही अचूक तोच रंग निवडू शकतात. पडद्यापडद्याच्या उजेडात थोडा फरक दिसेल, परंतु पत्ता चुकणार नाही.

निवड कशी करावी

समजा, बेला परिसरातील एखाद्या बचत गटाला तूरडाळ आणि कापडी पिशव्या यांच्या विक्रीसाठी संकेतस्थळ करावयाचे आहे. शेतीचे काम म्हटले की पहिला हात हिरव्या रंगाकडे जातो. परंतु शेतीविषयक बहुतेक संस्था हिरवाच रंग वापरतात. त्या गर्दीत हा गट वेगळा कसा ओळखू येणार? रंग शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. या भागातील कापसाची काळी माती आहे, वेचणीला आलेला पांढरा कापूस आहे, आणि फाल्गुनात रानात पेटल्यासारखा दिसणारा पळस आहे. काळ्या मातीचा गडद तपकिरी, पळसाचा नारिंगी आणि कापसाचा पांढरा असा तीन रंगांचा संच घेतला तर तो या भूमीचा म्हणून ओळखला जाईल.

संच घेतल्यावर प्रत्येक रंगाला काम नेमून द्यावे. गडद तपकिरी (७४, ४४, २४) हा मुख्य रंग; तो शीर्षपट्टीला आणि तळपट्टीला. पांढरा हा पृष्ठभूमीचा रंग. पानाचा मोठा भाग त्याचाच राहील. नारिंगी हा लक्ष वेधणारा रंग. तो फक्त ‘मागणी नोंदवा’, ‘संपर्क करा’ अशा बटणांना. मजकुराची अक्षरे काळी किंवा जवळजवळ काळी. लक्ष वेधणारा रंग जपून वापरावा लागतो. लग्नघरात सगळ्यांनीच फेटे बांधले तर नवरदेव कोण हे कळत नाही. त्याचप्रमाणे पानावर सर्वत्र नारिंगी रंग पसरला तर बटण कोठे आहे हे कळत नाही.

साधनात रंगांना नावे देताना ‘तपकिरी’, ‘नारिंगी’ अशी नावे न देता ‘मुख्य’, ‘लक्षवेधी’, ‘पृष्ठभूमी’, ‘मजकूर’ अशी कामावरून नावे द्यावीत. पुढे एखाद्या वर्षी गटाने नारिंगीऐवजी निळा रंग घ्यावयाचे ठरवले तर ‘नारिंगी’ या नावाखाली निळा रंग, असा घोळ होणार नाही. कार्यालयातही मनुष्य बदलतो आणि पदनाम राहते. तसेच हे आहे.

एकाच ठिकाणी नोंद

येथे सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. संकेतस्थळ करणारे नवखे लोक प्रत्येक पानावर, प्रत्येक मथळ्याला स्वतंत्रपणे रंग देतात. डोळ्यांना बरा वाटेल असा रंग पट्टीवरून उचलतात. पहिल्या पानावर एक तपकिरी, दुसऱ्यावर किंचित निराळा, तिसऱ्यावर आणखी निराळा. पाने वीस-पंचवीस झाली की एकही रंग दुसऱ्याशी जुळत नाही. मग रंग बदलण्याची वेळ आली तर पंचवीस पानांवरील शेकडो जागा एकेक करून बदलाव्या लागतात आणि त्यातील काही राहूनच जातात.

याला उपाय साधनातच असतो. वर्डप्रेसच्या नव्या पद्धतीच्या मांडणीत ‘स्टाइल्स’ नावाचा विभाग आहे. तेथे संपूर्ण संकेतस्थळाचा रंगसंच नोंदवता येतो. गूगल साइट्समध्ये ‘थीम्स’ या ठिकाणी आपल्या रंगांची स्वतंत्र थीम तयार करता येते. अन्य साधनांतही या ना त्या नावाने हीच सोय आढळते. तेथे रंगांचे संकेत एकदा नोंदवावेत आणि नंतर कोणत्याही पानावर रंग देताना तो केवळ त्या संचातूनच घ्यावा. रंगपट्टीवर बोट फिरवून नवा रंग उचलू नये. असे केले म्हणजे मूळ नोंद बदलताच सर्व पाने आपोआप बदलतात.

ही कल्पना महसुली कामकाज जाणणाऱ्यांना नवी वाटणार नाही. जमिनीची मूळ नोंद एका दप्तरात असते आणि उतारे त्यावरून दिले जातात. प्रत्येक उताऱ्यावर ज्याने त्याने आपल्या समजुतीने क्षेत्र लिहिले तर तंट्यांना अंत राहणार नाही. संकेतस्थळाच्या तंत्रातही मजकूर आणि त्याची सजावट यांची नोंद वेगवेगळी ठेवण्याचा प्रघात याच विचाराने पडला. त्यासाठीची ‘सी.एस.एस.’ ही भाषा डिसेंबर १९९६ मध्ये जागतिक वेब संघटनेने मान्य केली. आजची सर्व सोपी साधने पडद्याआड तीच भाषा वापरतात.

संचाची एक प्रत कागदावरही असावी. रंगाचे नाव, तीन अंक, सहा चिन्हांचा संकेत आणि त्याचे काम एवढा मजकूर वहीच्या एका पानावर मावतो. ते पान गटाच्या दप्तरात राहिले म्हणजे संकेतस्थळ करणारा तरुण उद्या नोकरीसाठी परगावी गेला तरी काम अडत नाही. छापखान्यालाही तेच पान दाखवावे. छपाईची शाई आणि पडद्याचा प्रकाश या भिन्न गोष्टी असल्यामुळे नमुना छापून, तो पडद्याशी ताडून घेणे मात्र आवश्यक आहे.

भर उन्हात वाचता आले पाहिजे

आता अशा एका परीक्षेकडे वळावे, जिच्यात सुंदर दिसणारी अनेक संकेतस्थळे नापास होतात. संकेतस्थळ तयार होते खोलीत, दिव्याच्या उजेडात, मोठ्या पडद्यावर. ते पाहिले जाते कोठे? शेताच्या बांधावर, दुपारच्या उन्हात, तडा गेलेल्या मोबाइलवर, आणि बऱ्याच वेळा चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांनी. पाहणाऱ्याचा त्या वेळी सौंदर्याशी संबंध नसतो. त्याला कापसाचा भाव पाहावयाचा असतो, अर्जाची शेवटची तारीख पाहावयाची असते.

देवनागरी अंकांत १ आणि ९ यांची आकृती जवळजवळ सारखी आहे. भाव ७१०० आहे की ७९००, हे एका लहानशा वळणावर अवलंबून आहे. फिकट राखाडी रंगात, बारीक अक्षरांत तो भाव लिहिला तर उन्हात ते वळण दिसत नाही आणि क्विंटलमागे आठशे रुपयांचा गैरसमज होतो. अनुस्वाराचा ठिपका आणि उकाराची बारीक रेघ यांचेही असेच आहे.

अक्षर आणि त्याची पृष्ठभूमी यांच्या उजळपणातील फरक मोजण्याची एक मान्य रीत आहे. फरक मुळीच नसेल तर प्रमाण १ ला १ येते. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर ते सर्वाधिक म्हणजे २१ ला १ येते. वेबच्या सुलभतेविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ ला १ असावे. हे प्रमाण मोजणारी साधने मोफत उपलब्ध आहेत. दोन रंगांचे संकेत त्यात टाकले की आकडा लगेच मिळतो.

वर घेतलेल्या संचाला ही कसोटी लावून पाहावी. गडद तपकिरी पट्टीवर पांढरे अक्षर लिहिले तर प्रमाण सुमारे १२.६ येते, निर्धास्तपणे चालेल. नारिंगी बटणावर पांढरे अक्षर लिहिले तर प्रमाण जेमतेम २.१ भरते, हे नापास. त्याच नारिंगी बटणावर काळे अक्षर लिहिले तर प्रमाण ९.९ च्या आसपास जाते. म्हणजे पळसाचा रंग टाकून द्यावयाचा नाही. त्यावरील अक्षर तेवढे बदलावयाचे. तेलंगणाचे राज्यफूल तंगेडू, ज्याला मराठीत तरवड म्हणतात, ते पिवळे आहे. तो मोहक पिवळा कोणालाही घ्यावासा वाटेल. पण पांढऱ्या पानावर भडक पिवळ्या रंगात मजकूर लिहिला तर प्रमाण १.१ इतकेही येत नाही. लिहिले काय आणि न लिहिले काय, सारखेच.

ज्यांना आकडेमोड नको असेल त्यांच्यासाठी घरगुती परीक्षाही आहे. संकेतस्थळ मोबाइलवर उघडून दुपारी बारा वाजता अंगणात यावे आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला भावाचा आकडा वाचावयास सांगावे. आजीला आकडा वाचता आला तर रंग उत्तीर्ण.

इशाऱ्याचा रंग निराळा ठेवावा

रंगाची निवड काही प्रसंगी जिवाशी गाठ घालते. कीटकनाशकांच्या डब्यावरील चौकोनी खूण येथील प्रत्येक कापूस उत्पादकाने पाहिलेली आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार विषारीपणाचे चार वर्ग पाडलेले आहेत आणि प्रत्येकाला रंग ठरवून दिलेला आहे. अत्यंत विषारी औषधाला लाल, तीव्र विषारी औषधाला पिवळा, मध्यम विषारी औषधाला निळा आणि सौम्य विषारी औषधाला हिरवा. येथे हिरवा रंग ‘निर्धोक’ असे सांगत नाही. तेही विषच आहे. फक्त उतरंडीतील शेवटचे. परंतु रस्त्यावरील हिरवा दिवा ‘जा’ म्हणतो, आणि त्या सवयीने डब्यावरील हिरवी खूण ‘काही होत नाही’ असे सांगते आहे अशी समजूत होऊ शकते. म्हणूनच त्या खुणेवर रंगाबरोबर इशाऱ्याचे शब्दही छापलेले असतात.

२०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणे होती आणि त्यांची चर्चा वेगळ्या व्यासपीठावर झालेली आहे. पण त्या घटनेनंतर कृषी सल्ला देणाऱ्या कोणाही माणसाला ‘सूचना वाचणारा समजून घेईलच’ असे गृहीत धरण्याचा अधिकार उरलेला नाही.

यातून संकेतस्थळ करणाऱ्यांनी दोन नियम घ्यावेत. पहिला असा की, ओळखीचा रंग आणि इशाऱ्याचा रंग एक नसावा. संस्थेचा मुख्य रंग लाल असेल आणि धोक्याची सूचनाही लालच असेल, तर सूचना सजावटीत हरवते. म्हणून संचात सूचनांचे रंग वेगळे राखून ठेवावेत आणि ते अन्य कोणत्याही कामाला लावू नयेत. दुसरा नियम असा की, अर्थ कधीही एकट्या रंगावर सोपवू नये. लाल आणि हिरवा यांतील फरक न कळणारी माणसे समाजात असतात. हा दोष मुख्यतः पुरुषांत आढळतो, बहुधा जन्मापासून असतो आणि पुष्कळदा त्या माणसाला स्वतःलाही ठाऊक नसतो. ‘लाल रंगातील अर्ज नामंजूर, हिरव्या रंगातील मंजूर’ अशी यादी लावली तर त्याला आपला अर्ज कोणत्या गटात आहे हे समजणार नाही. म्हणून रंग द्यावा, पण त्याच्या शेजारी ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ हा शब्दही लिहावा. मोबाइलमध्ये पडदा काळा-पांढरा करण्याची सोय असते. ती सुरू करून पान पाहावे. रंग काढून घेतल्यावरही सर्व अर्थ कळत असेल तर पान बरोबर आहे.

शासनाची वाटचाल

शासकीय संकेतस्थळांसाठी भारत सरकारने २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. दिव्यांग नागरिकांनाही वाचता यावे ही त्यातील एक मुख्य अपेक्षा आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही तेच सांगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने शासनाच्या डिजिटल ओळखीची एक नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. प्रत्येक खात्याने आखून दिलेल्या रंगगटांपैकी एक गट निवडावा, त्यातीलच छटा वापराव्यात, आणि यश, इशारा व चूक दाखविणारे रंग निराळे असावेत, हे तत्त्व त्या पुस्तिकेत आहे. बचत गटाच्या तीन रंगांसाठी वर सांगितलेली रीत आणि देशाच्या मंत्रालयांसाठी आखलेली रीत एकाच विचाराची आहेत, हे यावरून दिसून येईल.

तथापि येथे सावधगिरीचा एक शब्द सांगणे अवश्य आहे. जी ओळख नियमाने ठरवता येते तिची नक्कलही करता येते. शासकीय योजनेच्या नावाने, हुबेहूब तेच रंग आणि तसेच चिन्ह लावून लबाड लोक खोटी संकेतस्थळे उभी करतात आणि बँकेचा तपशील मागतात. रंग ओळख करून देतो. हमी देत नाही. शासकीय संकेतस्थळाची खात्री त्याच्या पत्त्यावरून करावी. ‘जी.ओ.व्ही. डॉट इन’ किंवा ‘एन.आय.सी. डॉट इन’ असा शेवट असलेला पत्ता शासकीय संस्थांनाच मिळतो. पत्त्यात ही अक्षरे केवळ कोठेतरी असून चालत नाही. पहिल्या तिरप्या रेघेपूर्वी पत्त्याचा शेवट त्यांनीच झाला पाहिजे. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे. लवकर कळवले तर पैसे अडविता येण्याची शक्यता असते.

ज्याचे त्याचे काम

या विषयात प्रत्येकाला थोडे थोडे करण्यासारखे आहे. शिक्षकांनी वर्गात मुलांकडून आपल्या शाळेचा रंगसंच तयार करून घ्यावा. पाने, फुले, माती गोळा करावी, त्यांचे रंग पडद्यावर जुळवावेत, अंक वहीत लिहावेत आणि कोणत्या रंगावर कोणते अक्षर वाचता येते याचा तक्ता भिंतीवर लावावा. विज्ञान, गणित आणि चित्रकला या तिन्ही विषयांचा त्यात अभ्यास होईल. अधिकाऱ्यांनी सूचना प्रसिद्ध करण्यापूर्वी ती एकदा साध्या मोबाइलवर, उन्हात उघडून पाहावी. आणि सीमाभागात एखाद्या रंगाचा अर्थ पलीकडे वेगळा होत नाही ना, याची चौकशी करावी. गटांच्या कार्यकर्त्यांनी आपल्या रंगांचे पान दप्तरात लावून ठेवावे. ग्रामस्थांनी, विशेषतः ज्येष्ठांनी, वाचता येत नसेल तर संकोच न करता तसे सांगावे. वाचता न येणे हा दोष वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा असेलच असे नाही. पुष्कळदा तो लिहिणाऱ्याच्या रंगाचा असतो.

आदिलाबाद आणि निर्मळचा हा प्रदेश रंगांना परका नाही. निर्मळच्या नकाशी कारागिरांनी पोनकी लाकडाच्या खेळण्यांवर चढविलेले रंग देशभर ओळखले जातात. खेळणे हाती घेताच ते निर्मळचे आहे हे जाणत्याला कळते. त्या कारागिरांजवळ संगणक नव्हता, अंकांचे संकेत नव्हते. त्यांच्याजवळ ठरलेली रीत होती आणि ती पिढ्यान्‌पिढ्या पाळण्याची शिस्त होती. संकेतस्थळाच्या रंगांनाही याहून अधिक काही लागत नाही. विचारपूर्वक निवड करावी, एकाच ठिकाणी नोंद ठेवावी, नेमून दिलेल्या कामालाच रंग वापरावा आणि त्याच्या सोबतीला नेहमी शब्द द्यावा. मग नदीच्या या तीरावरचा वाचक असो की त्या तीरावरचा, पांढऱ्याचा अर्थ काय हे त्याला कोणाला विचारावे लागणार नाही.